एकशिंगी छापाचं मलम

अनसिंगहून कापसाच्या गाड्या निघाल्या की अकोल्याला पोचेस्तोवर तीन मुक्काम पडत. त्या मुलखात तेव्हा आगगाडी नव्हती. जे काय ओझं हलायचं ते बैलाच्या खांद्यावर. मालेगाव मागं टाकून गाड्या पातूरचा घाट उतरायच्या, तोवर अर्ध्याअधिक बैलांचे खांदे जुवानं सोलून निघालेले असत. माशा बसायच्या, जखम पाणी धरायची, आणि गाडीवान वर राखेची चिमूट टाकून तसंच जू चढवायचे. दुसरा इलाज काय होता?

रामकिसन गोटे हा त्यातलाच एक गाडीवान. तो घरी परतला की त्याची बायको सोजरबाई आधी बैलांकडे जायची आणि मग नवऱ्याकडे.

"माह्यापरीस तुले बैल जास्त प्यारे," रामकिसन हसून म्हणायचा.

"तुमाले दुखलं त तुमी बोलता," ती म्हणायची, "त्याईले बोलता येते काय?"

सोजरबाईच्या माहेरी, डोंगराकडच्या गावात, जखमेवर करंजीचं तेल आणि कडुनिंबाचा पाला लावत. तिनं त्यात मधाच्या पोळ्याचं मेण घातलं, राळ घातली, हळद घातली, आणि दोन वर्षं नुसता खेळ मांडला. राळ जास्त झाली की मलम कडक व्हायचं आणि जखमेला ओढ बसायची. तेल जास्त झालं की उन्हानं वितळून पायापर्यंत ओघळायचं. प्रत्येक खेप ती आधी स्वतःच्या दंडावर लावून बघे. तिच्या डाव्या दंडावर त्या दिवसांतले दोन डाग जन्मभर राहिले. शेवटी एकदा घट्ट तरी मऊ असं मलम उतरलं. जू चढलं तरी ते खांद्यावर राहायचं आणि माशीला जवळ येऊ द्यायचं नाही. रामकिसनच्या बैलांचे खांदे धड दिसू लागले, तसे मुक्कामावरचे बाकीचे गाडीवान विचारू लागले.

एकोणीसशे अठराच्या साली मानमोडी तापाची साथ आली. घरटी एक तरी माणूस गेला. रामकिसन चार दिवसांच्या तापात गेला तेव्हा सोजरबाई पंचविशीची होती आणि पोरगी कौतिका पाच वर्षांची. दिरांनी सांगितलं, "आमच्यात ये, दोन भाकरी आमी देऊ." ती म्हणाली, "देता हे तुमचं मोठं मन. पन मले हात हायेत." रामकिसनचं दिवसकार्य उरकून पंधरा दिवस झाले नसतील, एक गाडीवान दाराशी येऊन उभा राहिला. त्याला मलम हवं होतं. तिनं ते पळसाच्या पानात बांधून दिलं. तिथून तिचा धंदा सुरू झाला.

गावात तीन-चार सोजरबाया होत्या. त्यामुळं लोक खूण सांगत, "ज्या घरासमोर एका शिंगाचा बैल बांधला हाय, तिथं जा." हा बैल रामकिसनचा लाख्या. घाटात गाडी कलंडली तेव्हा त्याचं डावं शिंग मुळाशी मोडून गेलं होतं. तो ओढायला चालत होता, पण विकायला कोणी घेत नव्हतं, म्हणून राहिला. त्याच्यावरून मलमालाही लोक एकशिंगी मलम म्हणू लागले. पुढं तिनं अकोल्याहून पत्र्याच्या लहान डब्ब्या मागवल्या, तेव्हा खेमा सुतारानं सागाच्या ठोकळ्यावर लाख्याचं तोंड कोरून दिलं. उजवं शिंग वर, डावीकडं नुसता खुंट. झाकणाला लाल रंग, त्यावर कागद, कागदावर हा छाप. अक्षर एकही नव्हतं. घेणाऱ्यांतल्या शंभरांपैकी पंच्याण्णवांना वाचता येत नव्हतं, आणि विकणारीलाही.

पंधरा-सोळा वर्षं असा धंदा चालला. अनसिंगचा बाजार, वाशीमचा बाजार, शिरपूरला यात्रेकरू जमत तेव्हा तिथं. सोजरबाई घोंगडी अंथरून बसे आणि डब्बी हातात द्यायच्या आधी विचारी, "कुठं लागलं?" खांदा म्हटलं तर देई. खूर म्हटलं, पोट म्हटलं, तर, "हे त्याच्यासाठी नाई, बापा. ढोराच्या डाक्टरकडं ने." गिऱ्हाईक परत पाठवणारी दुकानदारीण म्हणून लोक हसत. पण हसणारेच पुढच्या वेळी खांद्यासाठी तिच्याकडे येत.

चौतीस सालच्या सुमारास शालिग्राम नावाचा माणूस तिच्या घोंगडीशी आला. कारंज्याचा. बाजारोबाजारी फिरून उदबत्त्या, चष्मे, दंतमंजन असलं काहीबाही विकायचा. जीभ अशी की ऐकणारानं हातातलं काम सोडावं. तो म्हणाला, "वैनी, तुमचं मलम सोनं हाय, पन तुमी ते गाडग्यात पुरून ठेवलं. मले द्या. कामरगाव, कारंजा, मूर्तिजापूर, कुठं कुठं नेतो पहा."

तिनं दिलं. सहा महिन्यांत दुप्पट डब्ब्या जाऊ लागल्या. कौतिका लग्न करून गावातच दिली होती. तीही रोज येऊन कढईशी बसू लागली. मग एकदा शालिग्रामनं अकोल्याहून गुलाबी कागद छापून आणले. वर लाख्याचं चित्र, खाली मोठमोठी अक्षरं.

"हे काय लिवलं?" सोजरबाईनं बोट ठेवून विचारलं.

"हे तुमचं नाव. सोजरबाई रामकिसन गोटे, अनसिंग."

आपलं नाव असं दिसतं, हे तिला माहीतच नव्हतं. तिनं त्या अक्षरांवरून दोनदा बोट फिरवलं. बाकीच्या ओळी काय आहेत हे विचारायचं राहून गेलं. एक कागद तिनं देव्हाऱ्याशी नेऊन ठेवला. बाकीचे डब्बीबरोबर एकेक जाऊ लागले.

अनसिंगजवळच्या तांड्यावर सेवालाल नावाचा बंजारा होता. दोन बैलांवर त्याचं घर चाले. दिवाळी होऊन महिना झाला असेल, तो भर बाजारात सोजरबाईच्या समोर येऊन उभा राहिला. हातात तोच गुलाबी कागद होता, घामानं मऊ पडलेला.

"याडी," तो म्हणाला. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, आणि इतका संतापलेला असूनही त्यानं तोच शब्द वापरला. "याडी, माह्या बैलाचा पाय मोडला. तुह्या कागदात लिवलं होतं, सात दिवसात हाड सांधते. मी बारा दिवस लावलं. पाय सडला. काल बैल गेला."

"कोनं सांगतलं हाड सांधते म्हनून?"

"तूच सांगतलं! हे पह्य, तुहं नाव हाय."

तिनं कागद घेतला आणि सरळ शाळेच्या मास्तरांकडं गेली. मास्तरांनी उभ्या उभ्या वाचून दाखवलं. मोडलेलं हाड सात दिवसांत सांधते. सर्पदंश, विंचू, दमा, जुनाट खोकला, सर्वांवर रामबाण. नागपूरच्या प्रदर्शनात सुवर्णपदक. शेवटी तिचं नाव.

शालिग्राम बाजाराला आला तेव्हा तिनं कागद त्याच्या पुढ्यात टाकला. तो जरासुद्धा गडबडला नाही.

"वैनी, कोन लिवत नाई असं? तो दंतमंजनवाला पहा, दात पुन्हा उगवते म्हनते. जाहिरातीले कोन खरं धरते? अन् डब्ब्या कशानं खपून राह्यल्या वाटते तुमाले?"

"बैल मेला त्याचा."

"मोडल्या पायाचा बैल मरनारच होता. बरं, पुढच्या छपाईत नाई टाकत. हे छापलेले तेवढे संपू द्या."

आणि इथं सोजरबाई गप्प राहिली. पुढं आयुष्यभर तिनं ही गोष्ट कोणापासून लपवली नाही, म्हणून इथंही लपवायचं कारण नाही. दोन बाजार गेले. दोन्ही बाजारांत डब्ब्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर गुलाबी कागदही गेले. ती स्वतःला सांगत राहिली, की कागद मी लिहिला नाही, आणि संपतच आलेत. ती विचारत मात्र होती, कुठं लागलं म्हणून. फक्त विचारायचा आवाज लहान झाला होता.

तिसरा बाजार शिरपूरचा. एक तरणी बाई गर्दीतून वाट काढत आली. उजवं मनगट सुजून हिरवंनिळं झालेलं, हात पदराच्या झोळीत. चार कोसांवरून पायी आली होती. तिनं डाव्या हातानं झोळी सोडली आणि मनगट सोजरबाईपुढं धरलं. "लाव वं माय. कागद वाचून आमच्या पाटलानं पाठवलं मले."

सोजरबाईनं मनगट हातात धरलं. आतलं हाड बोटाला हलताना लागत होतं. तिनं लुगड्याची पट्टी फाडली, दोन कामट्या लावून हात बांधला, पलीकडच्या गाडीवाल्याला सांगून बाईला वाशीमच्या दवाखान्यात धाडलं, आणि घोंगडी गुंडाळली. त्या दिवशी तिनं नंतर एकही डब्बी विकली नाही.

घरी येऊन तिनं देव्हाऱ्यातला कागद आणि पोत्यातले उरलेले सगळे कागद चुलीत घातले. कौतिका म्हणाली, "माय, झालं ना आता." ती म्हणाली, "जे लोकाईच्या घरी गेले ते कसे जाळू?"

दुसऱ्या दिवशी ती गावच्या डफडेवाल्याला घेऊन बाहेर पडली. अनसिंग, वाशीम, शिरपूर, मालेगाव, कारंजा, कामरगाव, पुन्हा अनसिंग. सात बाजार. डफडं वाजायचं, माणसं गोळा व्हायची, आणि ही डोक्यावरचा पदर घट्ट धरून मोठ्यानं सांगायची, "मी सोजरबाई. एकशिंगी मलमवाली. माह्या नावाच्या गुलाबी कागदावर जे लिवलं हाय ते खोटं हाय. हे मलम हाड सांधत नाई. साप उतरवत नाई. मले कोनतं पदक भेटलं नाई. बैलाच्या खांद्याले लावा, दुसऱ्या कशाले लावू नोका. ज्याले डब्बी वापस करायची त्यानं करावी."

आजवर कोणी दुकानदारानं आपल्याच मालाविरुद्ध दवंडी पिटलेली त्या बाजारांनी पाहिली नव्हती. काही हसले. काहींनी डब्ब्या परत दिल्या, तिनं घेतल्या. सातव्या बाजारानंतर ती दावणीचा एक तरणा बैल सोडून तांड्यावर गेली आणि कासरा सेवालालच्या हातात दिला. तो घेईना. "मी बैल मांगाले नव्हतो आलो, याडी." ती म्हणाली, "तू मांगतला नाई म्हनूनच आनला," आणि मागं न बघता परतली.

शालिग्राम अर्थातच दूर झाला. वर्षभरानं कारंज्याच्या बाजारात एकशृंगी मलम दिसू लागलं. तसंच लाल झाकण, तसाच कागद, बैलाचं तोंड. बारकाईनं पाहिलं तर या बैलाला दोन शिंगं होती, पण तोंड असं वळवून काढलं होतं की एक शिंग दुसऱ्यामागं दडावं. छाप कोरायला शालिग्राम आधी खेमा सुताराकडंच गेला होता. खेमानं हात जोडून नाही म्हटलं, तेव्हा त्यानं अकोल्याहून करून घेतला. आत काय होतं देव जाणे. पिवळा रंग होता आणि रॉकेलचा वास होता. सोबत तोच जुना मजकूर, हाड सांधते आणि साप उतरते, फक्त नाव वेगळं.

थोड्याच दिवसांत सोजरबाईच्या दारी शेतकरी येऊ लागले. "सोजरमाय, काय झालं वं तुह्या मलमाले? बैलाले फोड आले!" ती डब्बी हातात घेऊन बघायची आणि म्हणायची, "हे माहं नव्हे." समोरचा म्हणायचा, "तुहंच त हाय. बैल हाय न यावर."

तेव्हा ती वाशीमला भागचंद वकिलांकडं गेली. भागचंद वकील शिरपूरच्या व्यापारी जैन घराण्यातले. चष्म्यावरून बघत कमी बोलणारे. त्यांनी दोन्ही डब्ब्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "बाई, विलायतेत छाप सरकारी दप्तरात नोंदवता येते. आपल्याकडं तसं दप्तरच नाई. म्हनून कोर्ट दोन गोष्टी विचारते. हा छाप आधी कोनाचा? अन् लोक त्याची डब्बी तुही समजून घेतात काय? हे दाखवलं की हुकूम भेटते."

"दाखवू."

"एक अडचन हाय." त्यांनी चष्मा काढला. "तो गुलाबी कागद. समोरचा वकील तो काढनारच. ज्याच्या स्वतःच्या मालावर खोटं लिवलेलं असन, त्याले कोर्ट म्हनते, आधी तुहे हात पहाय. तवा तू एवढंच सांगजो, मले वाचता येत नाई, कागद शालिग्रामनं छापले, मले माहीत नव्हतं. हे खरंही हाय. त्याच्यापुढं एक शब्द नोको बोलू."

सोजरबाईनं दोन्ही डब्ब्या त्यांच्याकडंच ठेवल्या आणि ती उठली.

अडतीस सालच्या उन्हाळ्यात दावा सुनावणीला लागला. वाशीमच्या कोर्टात बाई वादी म्हणून उभी राहते, तेही एका डब्बीच्या चित्रासाठी, म्हणून बाहेर बरीच माणसं जमली होती. शालिग्रामच्या वकिलानं दोन्ही डब्ब्या शेजारी शेजारी धरल्या.

"बाई, तुझ्या बैलाला शिंगं किती?"

"एक."

"आणि या बैलाला?"

"दोन."

"तुझा बैल इकडं बघतो, हा तिकडं. नावातही फरक. आंधळ्यालासुद्धा कळेल, नाही का?"

"शेजारी ठेवलं त समजन, साहेब," ती म्हणाली. "पन गिऱ्हाईक बजारात येते तवा घरची डब्बी संग आनत नाई. त्याच्या डोक्यात एवढंच राह्यते, लाल झाकन, शिंगाचा बैल. तो शिंगं मोजत नाई, मलम मांगते."

जज्जसाहेबांनी मान वर केली आणि ते वाक्य लिहून घेतलं. भागचंद वकिलांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा हसू आलं.

मग त्या वकिलानं खिशातून गुलाबी कागद काढला. मोठ्यानं वाचला. हाड, साप, दमा, सुवर्णपदक. कोर्टात खसखस पिकली.

"हे तुझं नाव?"

"माहं."

"ही ओळ खरी?"

"खोटी."

"मग खोटं लिहून माल विकणारी बाई आज कोर्टात न्याय मागते?"

"मले वाचता येत नाई. कागद यानं छापले." तिनं शालिग्रामकडं बोट दाखवलं. भागचंद वकिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इथं ती थांबली असती तर पुरत होतं. पण तिनं कठड्याची फळी दोन्ही हातांनी धरली, आणि वकिलांकडं न बघता जज्जसाहेबांकडं बघत म्हणाली, "पन साहेब, अर्धं सांगतलं त तेही खोटंच होते. मास्तरानं मले वाचून दाखवलं, त्याच्यानंतर दोन बजार मी तेच कागद वाटले. माहीत असून वाटले. खप होऊन राह्यला होता. मले मोह झाला."

भागचंद वकिलांनी डोळे मिटून कपाळ बोटांनी दाबलं. समोरचा वकील जे तासभर खणून काढणार होता ते तिनं आपण होऊन ओट्यावर आणून ठेवलं होतं. तो म्हणाला, "अजून काही विचारायचं नाही," आणि खुशीत खाली बसला.

सोजरबाई कठड्यातून उतरून बाहेर आली. कौतिका म्हणाली, "माय, कायले सांगतलं वं? आता सारं गेलं." ती म्हणाली, "गेलं त गेलं. त्याचं खोटं उघडं पाडाले आली अन् माहं झाकून ठेवू काय?"

दुसऱ्या दिवशी साक्षीदार म्हणून सेवालाल उभा राहिला. त्याला भागचंद वकिलांनी बोलावलं होतं ते दुसऱ्याच कामासाठी: त्यानं कारंज्याला एकशृंगी डब्बी एकशिंगी समजून घेतली होती, एवढंच त्यानं सांगायचं होतं. ते त्यानं सांगितलं. उलटतपासणीला समोरचा वकील उठला.

"याच बाईच्या कागदावर विश्वास ठेवून तुझा बैल मेला, हे खरं ना?"

"खरं."

"तरी तू तिच्या बाजूनं बोलतोस?"

"तिच्या बाजूनं नाई, जे झालं ते सांगतो," सेवालाल म्हणाला. "माहा बैल गेला. मंग ही बाई सात बजार फिरली. डफडं वाजवून सांगतलं, माहा कागद खोटा हाय. मी त्यातल्या तीन बजारात होतो, माह्या कानानं आयकलं. तिले कोनं सांगतलं नव्हतं. पोलीस नव्हता, कोरट नव्हतं. अन् माह्या दारात बैल आनून बांधला." मग शालिग्रामकडं वळून तो म्हणाला, "यानं अजून तेच लिवनं चालू ठेवलं. याच्याकडं कोनतं डफडं हाय, इचारा."

निकाल महिन्याभरानं लागला. जज्जसाहेबांनी वाचून दाखवला, आणि भागचंद वकिलांनी त्याचा अर्थ तिला कोर्टाच्या ओसरीत बसून सांगितला. छाप तिचा. एकशृंगी नाव आणि दडलेल्या शिंगाचा बैल, दोन्ही अडाणी गिऱ्हाइकाला फसवण्याजोगे. शालिग्रामनं ते वापरू नयेत, उरलेल्या डब्ब्या कोर्टात जमा कराव्यात. आणि गुलाबी कागदाबद्दल साहेबांनी लिहिलं होतं: दाद मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. या बाईचे हात दोन बाजारांपुरते मळले होते. पण दाव्याचा विचारही नव्हता तेव्हा, कोणाच्या दाबाखाली नसताना, तिनं ते भर बाजारात धुतले. आणि जे पुराव्यात कोणी सिद्ध करू शकलं नसतं ते स्वतः सांगितलं. अशा साक्षीवर विश्वास न ठेवायचा तर कोणाच्या साक्षीवर ठेवायचा?

सोजरबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् तो हाड सांधते म्हनून विकते, त्याचं काय?"

"त्याचं काई नाई," भागचंद म्हणाले.

"म्हंजे?"

"त्यानं तुहा छाप चोरला, म्हनून तुले दाद मागता आली. तो लोकाईले फसवते. त्याचा दावा तू कसा करशीन? उद्या त्यानं मोराचं चित्र लावलं अन् तेच लिवलं, त तुह्या हुकुमानं तो थांबत नाई. तसा कायदा अजून आला नाई."

आणि झालंही तसंच. शालिग्रामनं मोर छाप काढला आणि आणखी दोन-तीन वर्षं हाडं सांधत राहिला. सोजरबाईला कोर्टानं जे दिलं त्यापेक्षा हे न मिळालेलं जास्त लागलं. तिच्या हाती होतं ते तिनं केलं. ती शाळेच्या मास्तरांकडं जाऊ लागली. पंचेचाळिशीची बाई पाटी घेऊन ओसरीवर बसते, म्हणून गावानं आठ दिवस करमणूक करून घेतली, मग विसरलं. वर्षभरात ती जोडाक्षरांपर्यंत आली. तेव्हा तिनं डब्बीवर पहिल्यांदा अक्षरं छापून घेतली: बैलाच्या खांद्यासाठी. हाडमोडीवर चालत नाही. औषध कशावर चालत नाही हे छापणारं दुकान व्यापाऱ्यांनी पाहिलं नव्हतं. वाशीमच्या एका दुकानदारानं तोंडावर सांगितलं, "बाई, असं लिवलं त डब्बी हलत नाई." खरंच, गुलाबी कागदाच्या दिवसांत जेवढा खप होता तेवढा पुन्हा कधी झाला नाही. पण दुकानात ज्यांच्या हाती ती डब्बी पडे, त्यांना ती भलत्या कामाला लावायची नाही हे कळे. बाजारात ती विचारायची तो प्रश्न आता डब्बीच विचारू लागली.

चाळीस साली छापाचा नवा कायदा झाला, आणि बेचाळीस साली मुंबईला नोंदणीचं दप्तर उघडलं. भागचंद वकिलांनी अनसिंगला निरोप धाडला. अर्ज त्यांनीच तयार केला होता. सोजरबाईनं तो हातात घेतला आणि ओळीवर बोट ठेवत, ओठ हलवत, मराठी मसुदा सगळा वाचला. वकील थांबले.

"हे काय?" ती म्हणाली. "मयत रामकिसन गोटे यांची विधवा."

"तशीच रीत हाय लिवायची."

"माहे मालक गेले त्याले चोवीस वर्षं झाली. मलम मी कढवते. खोटं झालं तवा माह्या नावानं झालं, कोरटात उभं मी राह्यली. मंग छाप त्याईच्या नावाच्या आडून कायले घेऊ? फक्त सोजरबाई गोटे लिवा. मलम करनारी."

भागचंदांनी मसुदा बदलला. अंगठ्याची शाई तयार होती; तिनं ती बाजूला सारली आणि टाक मागितला. सही करायला वेळ लागला. नोंदणीचा कागद यायला दीड वर्ष गेलं, लढाईमुळं टपाल आणि दप्तरं सगळीच रखडली होती. तो इंग्रजीत होता. तिनं तो मास्तरांकडून शब्दन्‌शब्द समजून घेतला आणि पेटीत ठेवला.

लढाईनंतर अकोल्याच्या सडकेवर कापसाच्या लॉऱ्या धावू लागल्या. लांबच्या वाटेवरचे गाडीबैल कमी झाले, तसा धंदाही आटला. पण वखर-नांगराचे बैल होतेच, आणि कौतिका आता आईपेक्षा चांगलं मलम कढवत होती. शेहेचाळीस साली डब्बीचा नवा कागद छापायला दिला, तेव्हा सोजरबाई स्वतः अकोल्याच्या छापखान्यात गेली. छापखानेवाल्यानं नमुना पुढं ठेवला. तिनं चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं, आणि एका शब्दावर थांबली.

"सुप्रसिद्ध. म्हंजे काय?"

"म्हणजे सगळ्यांना माहीत असलेलं. मीच टाकलं, बाई. जागा रिकामी दिसत होती. आणि हे खोटं थोडंच आहे? अकोल्यातसुद्धा लोक ओळखतात तुमचं मलम."

"लोक म्हनतात त म्हनू द्या त्याईले," सोजरबाई म्हणाली. "मी नाई म्हनत. काढा तो."

त्यानं चिमट्यानं अक्षरांचे खिळे उचलून शब्द काढला. रिकाम्या जागेत काय टाकू म्हणून विचारलं. तिनं जरा विचार केला आणि सांगितलं, "लावायच्या आधी खांदा धुवा, हे टाका. लोक इसरतात."